मौनाची कडी
लोभान आणि अगरबत्तीचा वास एकत्र आला की केशोरी गावातलं ते सभागृह आठवतं आणि डोकं तापतं. तीन धर्मांचे तीन वक्ते अंतर्मनावर तासभर बोलले, मग माइकवरून अर्ध्या तासाचं मौन जाहीर झालं. आयोजकाने दाराला आतून कडी लावून स्वयंसेवक म्हणून आलेल्या मला तिथे राखणीला बसवलं. तेवढ्यात एक शेतकरी उठला. “दार उघडा जी, तलावाच्या पाण्याची माही पाळी आहे.” आयोजक हसला. “काका, बाहेरचं सोडा, मन शांत करा.” “मन शांतच आहे जी, धानाची बांधी वाळून राहिली!” आयोजकाने मला बोटानेच नको म्हटलं. मौन सुटेपर्यंत पाणी पुढच्या पाळीवाल्याच्या शेतात वळलं होतं. त्या वक्त्यांना आणि आयोजकाला मी आजही शिव्या घालतो; कडी मात्र माझ्या हाताशी होती.