क्लचबाई गेल्यानंतर

गल्लीत तिला सगळे क्लचबाई म्हणायचे. तीस वर्षं ती लोकांना गाडी चालवायला शिकवत होती आणि दिवसभर तिच्या तोंडी तोच एक शब्द असायचा. भाचीसाठी मात्र ती आत्या. आई लवकर गेलेली, वडील अबोल. पोरीच्या वेण्या घालण्यापासून सगळं आत्यानेच केलं.

शाळेच्या शेवटच्या परीक्षेत पोरगी दोनदा आपटली आणि खोलीचं दार लावून बसली. चौथ्या दिवशी बाहेरून आवाज आला, "रडून झालं असेल तर खाली ये. गाडी धुवायचीय."

गाडी धुऊन झाली तशी आत्याने तिला स्टिअरिंगवर बसवलं. पहिल्याच फेरीत पोरीने गाडी शेजाऱ्यांच्या कुंपणावर घातली. आत्या उतरली, कुंपण बघून परत आली.

"पडायलाच आलं होतं ते. चल, रिव्हर्स कसा टाकतात तेही आत्ताच शिकून घे."

पुढे भाची शहरातली बस चालवू लागली. पहिल्या दिवशी आत्या तिच्या मागच्याच सीटवर बसून शेवटच्या स्टॉपपर्यंत गेली आणि चढणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिली, "बिनधास्त बसा, आमच्या घरची आहे!" भाचीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग आत्याच्या डोळ्यांनी दगा दिला. एका शिकाऊ बाईंना घरी सोडताना तिला लाल सिग्नल दिसलाच नाही. बाई किंचाळल्या म्हणून निभावलं. त्या संध्याकाळी भाचीने हात पुढे केला.

"किल्ली दे, आत्या."

"तू कोण गं मला सांगणारी?"

"दे ना."

आत्याने किल्ली टेबलावर आपटली आणि आठ दिवस तिच्याशी अवाक्षर बोलली नाही. नंतर बोलणं सुरू झालं, पण गाडीचा विषय दोघींनीही टाळला. तीनच महिन्यांत, एका दुपारी, आत्या झोपेतच गेली.

भाचीने सगळं नीट पार पाडलं. डोळ्यांतून टिपूस नाही. "दगडाचं काळीज आहे," कुणीतरी कुजबुजलं. तिच्या मनात एकच घोळत होतं, की आपण किल्ली नाही, आत्याचा जीवच काढून घेतला.

पंधरा दिवसांनी त्याच शिकाऊ बाई दारात उभ्या राहिल्या. "माझं शिकणं अर्धवट राहिलंय. तुम्ही शिकवाल का?"

नाही म्हणवेना. गाडी सुरू झाली. चौकाच्या अलीकडे बाई सहज म्हणाल्या, "त्यांनी मला फोन केला होता हो. म्हणाल्या, भाचीने किल्ली काढून घेतली ते बरं केलं. माझ्याच्याने ते कधी झालं नसतं. पण तिला सांगू नका, फार चढेल."

भाचीला एकदम हसू फुटलं आणि त्या हसण्याचंच रडू झालं. हुंदके आवरेनात. बाई घाबरल्या, गाडी भर चौकात बंद पडली, मागे हॉर्नचा गोंगाट सुरू झाला.

"माझं काही चुकलं का?"

"नाही, नाही," नाक पुसत ती म्हणाली. "वाजवू देत त्यांना. सावकाश चालू करा."

बाई दुसऱ्या प्रयत्नात टेस्ट पास झाल्या. सुट्टीच्या दिवशी भाची आता आणखी दोघींना शिकवते. आत्यापेक्षा जरा जास्तच ओरडते म्हणतात.