कर्नलसाहेबांच्या कानातला कापूस

तांड्यात कर्नल म्हणजे जीवन राठोड. खरं तर लेफ्टनंट कर्नल, पण एवढं लांबलचक म्हणायला घाटंजीच्या बाजारात कोणाला वेळ आहे? अठराव्या वर्षी तोफखान्यात साधा जवान म्हणून भरती झालेला, पुढे परीक्षा देऊन अधिकारी झालेला हा गडी मागच्या दिवाळीला छत्तीस वर्षांची नोकरी संपवून घरी आला, तेव्हा त्याच्या आईनं, रामीबाईनं, अख्ख्या तांड्याला जेवू घातलं.

या नोकरीत आपलाही वाटा आहे, असं रामीबाई येईल त्याला ऐकवायची. पहिल्या सुट्टीत पोरगा म्हणाला होता, "याडी, तोफ सुटली का दिवसभर कानात शिट्टी वाजते." झालं! याडी म्हणजे माय, ती गप्प कशी बसेल? त्या वर्षीपासून पहिल्या वेच्यातला सगळ्यात पांढरा कापूस ती बाजूला काढी, बोटांनी एकेक सरकी सोडवी, कानात मावतील असे बोळे वळी आणि हातानं शिवलेल्या पिशवीत घालून टपालानं धाडी. काश्मीर असो की राजस्थानची वाळू, पिशवी कधी चुकली नाही.

"तोफ सरकारची, पन कापूस मायाच," असं म्हणून ती मिशरी लावलेले दात दाखवत हसायची.

दुसरा अभिमान असा, की तिचा जीवन बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघून ऐकतो. "तुमचे पोट्टे मोबाइलात डोकं खुपसून हं हं करतात," ती शेजारणींना टोमणा मारी. "मी बोलून राह्यली का मायं लेकरू पापनी नाई हलवत." फोन मात्र नेहमी सून ममताच घ्यायची. साहेब कामात आहेत, म्हणायची. साहेब म्हटला की काम आलंच, त्यात नवल काय?

मग जानेवारीत अंगणात कापूस भरायला ट्रॅक्टर आला. ट्रॉली मागं येत होती आणि तिच्या वाटेतच पाठमोरा जीवन बकरीचं दावं सोडवत बसला होता. ड्रायव्हर ओरडला. पाच पावलांवरून रामीबाई जीव खाऊन ओरडली, "जीवन, बाजूले सरक!" तो हलला नाही. ब्रेक लागला तेव्हा ट्रॉली त्याच्या पाठीपासून हातभर लांब होती. अंगावर सावली पडली म्हणून तो वळला, आईचं वासलेलं तोंड पाहिलं आणि हसून म्हणाला, "काय झालं व याडी?"

 एवढ्या मोठ्यानं रामीबाई जन्मात ओरडली नव्हती.

"त्याले ऐकू येत नाई का?" तिनं सुनेला विचारलं. ममता बकरीचं दावं सोडवायला वळली.

दुसऱ्या दिवशी रामीबाईनं दोघांना ओढत यवतमाळला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर प्रेरणा म्हणून तरुण पोरगी होती. यंत्र लावून झालं, कागद निघाला. डावा कान पूर्ण गेलेला, उजवा नावापुरता. "साहेब ओठ बघून समजून घेतात," डॉक्टर म्हणाली.  पापणी न हलवणाऱ्या लेकराचं इतकं कौतुक केलं होतं रामीबाईनं!

"गोळाबारीच्या वेळी कानात काय घालायचात?" डॉक्टरनं विचारलं.

जीवननं तोंड उघडायच्या आत रामीबाई पुढं सरसावली. "मी धाडत होती न कापूस! घरचा. दरसाल."

डॉक्टर तिच्याकडं वळली. जीवनला आता फक्त डॉक्टरची वेणी दिसत होती.

"अहो आजी, कापसानं तोफेचा आवाज थोडाच अडतो? घातला काय, न घातला काय, सारखंच. उलट माणूस बिनघोर उभा राहतो."

बिचारीला काय ठाऊक, त्या एकेका बोळ्यामागं काय होतं!  बाहेर येऊन रामीबाईनं ममताचं मनगट धरलं. "खरं सांग."

ममतानं सांगितलं. फौजेत रबरी बोळे मिळायचे. जीवन ते आपल्या जवानांच्या कानात स्वतः तपासून बसवायचा आणि आपल्या कानात घालायचा आईचा कापूस. पंचवीस वर्षं घातला. तपासणीत डावा कान गेल्याचं निघालं, तेव्हा पुढची बढती अडली. त्यानंतर त्यानं रबरी बोळे धरले, पण पिशवी आली की कापूस पोचला, असं ममताकरवी आईला कळवी. "याडीले सांगशील तर माया गळ्याची आन," असं त्यानं बायकोला बजावलं होतं.

घरी आल्या आल्या रामीबाईनं खुंटीवरची पिशवी काढली. यंदाचाही कापूस तिनं वळून ठेवला होता, सवयीनं. ती पिशवी चुलीत घालायला निघाली, तेवढ्यात जीवन दारात आला.

"हा अवंदाचा कापूस हाय न? मले देल्ला नाई तू." त्यानं पिशवी तिच्या हातातून घेतली, दोन बोळे काढून दोन्ही कानांत घातले आणि लहानपणी नवी टोपी घालून दाखवायचा तसा तिच्यापुढं उभा राहिला. "मस्त!"

मग बादली उचलून तो बैलांना पाणी पाजायला निघाला.

"तुये कान म्याच खाल्ले रे बाप्पा!" रामीबाईनं त्याच्या पाठीमागून हंबरडा फोडला. शेजारच्या दोन घरांतली माणसं बाहेर आली, बैलांनी माना वर केल्या. जीवन बादली हिंदकळू न देता सावकाश चालत राहिला.