दादाच्या ज्वारीची बीअर

त्या बीअरला मी पाचपैकी चार गुण दिले. तो आकडा अजून माझ्या फोनमध्ये आहे आणि दिसला की माझं डोकं फिरतं.

मी पुण्यात नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी बीअर चाखून त्यावर लिहिते. फेस किती टिकला, वास कसला, जिभेवर शेवटी काय उरलं, असलं. त्यातून ओळख झालेला एक मित्र स्वतःच बीअर बनवतो. त्याला सेझॉन करायची होती, म्हणजे परदेशात शेतावरच्या मजुरांसाठी बनायची ती हलकी, कोरडी बीअर. 'शेतकऱ्याची बीअर' म्हणताना त्याला कोण आनंद व्हायचा. तिच्यात घालायला देशी ज्वारी हवी म्हणाला, तेव्हा मीच मोठेपणा करून अल्लीपूरच्या माझ्या दादाची ज्वारी मिळवून दिली.

बाटल्या तयार झाल्या हिवाळ्यात. मग त्याच्या डोक्यात आलं की पहिला घोट ज्वारी पिकवणाऱ्यानंच घ्यावा, त्याच शेतात, कॅमेऱ्यासमोर. मी म्हटलं, आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. तो हसला, म्हणाला, तुमच्याकडे काय काय मिळतं ते मला ठाऊक आहे. मी म्हटलं, दादा घेत नाही. एकच घोट, थुंकला तरी चालेल, म्हणाला. पोलिसांचं काही लचांड झालं तर ते दादाच्या गळ्यात पडेल, हे त्या शहाण्याच्या मनातही आलं नाही.

तेव्हा तरी खरं कारण सांगायला हवं होतं. दादा एके काळी इतका प्यायचा की वहिनी दोनदा पोरांना घेऊन माहेरी गेली होती. आता तीन वर्षं त्यानं थेंबाला हात लावला नव्हता. पण हे सांगायची मला लाज वाटली. पुण्याच्या लोकांपुढे माझं घर चांगलं दिसावं, एवढ्यासाठी मी तोंड बंद ठेवलं.

आम्ही दादाच्या शेतात पोचलो तेव्हा वहिनीला वाटलं, पाहुणे हुरडा खायला आलेत. तिनं गोवऱ्यांची आगटी पेटवली होती आणि भाजलेली कणसं तळहातावर चोळून ती गरम दाणे आमच्या पुढ्यात टाकत होती. मित्रानं गाडीतून बाटली आणि ग्लास आणले. आधी मी चाखली. गढूळ पिवळा रंग, दाट पांढरा फेस, नाकाला मिरी आणि संत्र्याची साल. बीअर खरोखर चांगली होती, याचाही मला आता राग येतो. मी तिथंच ढेकळावर बसून फोनमध्ये गुण भरत होते. मान वर केली तर दुसरा ग्लास दादाच्या हातात होता.

दादानं तो नाकाशी नेला आणि डोळे मिटले. मग म्हणाला, "कडब्याच्या गंजीत डोकं घातल्यावानी वास येते." मित्र खूश. कॅमेरा सरसावून म्हणाला, आता घोट घ्या. दादाला पाहुण्याचं मन मोडता येत नाही, हा त्याचा जुना रोग. कॅमेऱ्यापुढे मले जमत नाई, असं काहीतरी पुटपुटत तो ग्लास घेऊन तुरीच्या ओळींमागे धुऱ्याकडे, शेताच्या बांधाकडे गेला. तुरी डोक्याच्याही वर वाढलेल्या. तो दिसेनासा झाला.

वहिनीच्या हातातलं कणीस तसंच राहिलं. मित्राकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. उठून माझ्यापाशी आली.

"तुमाले माहीत होतं ना, ताई?"

मी मान खाली घातली.

"हे घरी आले का मी रोज यांचं तोंड हुंगतो. तीन वर्सं झाले, एक दिवस चुकला नाई. अन् तुमी इथं बसून वासाले नंबर देऊन राह्यल्या."

मित्र काय झालं म्हणून विचारायला लागला, तेव्हा मी त्याला शिवी हासडली आणि कॅमेरा बंद करायला लावला. ती शिवी खरं तर मलाच द्यायला हवी होती. तो परका माणूस, त्याला काय माहीत. मला सगळं माहीत होतं.

दादा परत आला तेव्हा ग्लास रिकामा होता. सरळ वहिनीपुढे जाऊन उभा राहिला, आमच्यादेखत थोडा वाकला आणि शाळेत पोरं मास्तरांना नखं दाखवतात तसं तोंड उघडून त्यानं तिच्यापुढे श्वास सोडला. वहिनीनं डोळे मिटून हुंगलं.

"धुऱ्यावर ओतली," दादा म्हणाला.

"समजलं मले," वहिनी म्हणाली, आणि तरीही तिनं पुन्हा एकदा हुंगलं.