तीन सॅक आणि सहा किलो तूर

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी पावणेसात वाजता, राजूर घाटाच्या दुसऱ्या वळणावर, काकांनी माझ्या सॅकच्या पट्ट्याखाली दोन बोटे घातली आणि पट्टा वर ओढला. शिवण उसवली. सॅक घेऊन सहा दिवस झाले होते.

"कायले आनली ही?" काका म्हणाले. "खुंटीले टांगाले?"

आम्ही पाच जण दर रविवारी बुलढाण्याहून घाटालगतच्या डोंगरात चालायला जात असू आणि दुपारी परतत असू. दोन शिक्षक, एक बँक अधिकारी, एक औषध दुकानदार आणि एक वार्ताहर, म्हणजे मी. काका धामणगाव बढ्याजवळच्या एका खेड्यातले. तिथल्या शाळेवर असलेल्या आमच्यातल्या एका शिक्षकाने त्यांना वाटा दाखवायला आणले होते. वय साठीचे. तीस-एक हंगाम त्यांनी लोकांच्या कपाशीवर फवारणी केली होती, म्हणजे सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन दिवसभर ओळींतून चालले होते. पाठीवरच्या ओझ्याबद्दल आम्हा पाचांना मिळून जेवढे कळत होते, त्याहून जास्त त्यांच्या एका खांद्याला कळत होते.

दोन बोटांची तपासणी सगळ्यांचीच झाली. अधिकाऱ्याच्या सॅकला अकरा खिसे होते. "इतले खिसे कायले, साहेब? वस्तू हरवाले?" एका शिक्षकाची सॅक कमरेच्या खाली लोंबत होती. "गुरुजी, हे तुमच्या पाठीवर हाय का नुसतं मांगं मांगं येऊन राह्यलं?" औषध दुकानदाराच्या सॅकला त्यांनी बोटही लावले नाही. "फुकटची हाय," म्हणाले. ती फुकटचीच होती. एका कंपनीने दिलेली.

आमच्यापैकी एकानेही पट्टा ओढून पाहून सॅक घेतली नव्हती. सर्वांनी रंग पाहिला होता.

काका स्वतः पाठीवर काही घेत नसत. पाण्याची बाटली आणि भाकरी दुपट्ट्यात गुंडाळून कमरेला बांधत. मी कारण विचारले.

"वझं कंबरेनं उचलाचं असते, भाऊ. खांदे पट्टा घसरू नाई म्हून देले."

जानेवारीत त्यांच्या मुलीला वनरक्षक म्हणून नेमणुकीचे पत्र आले. महिनाभरात रुजू व्हायचे आणि मग रोज जंगलात पायी गस्त. त्या आठवड्यात काकांनी पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितले. "पत्रकारभाऊ, पोरीले सॅक पाहाची हाय. दुकानात चाला."

ते आले तेव्हा हातात तुरीची दोन गाठोडी होती, तीन-तीन किलोंची. दिवसभराचे पाणी, डबा, एक कपडा, दोरी आणि कोयता मिळून एवढेच भरते, हा त्यांचा हिशेब.

दुकानात टांगलेली सॅक नेहमी फुगलेली असते, हे तुम्हीही पाहिले असेल. काकांनी पहिलीच सॅक उतरवली, चेन उघडली आणि आतले कागदाचे बोळे काउंटरवर काढायला सुरुवात केली. सॅक खाली बसली. एक बोळा त्यांनी उलगडून माझ्यापुढे धरला.

"तुमचाच पेपर हाय. कुठं तरी कामी आला."

दुकानदार म्हणाला, "बाबा, पाठीवर घेऊन आरशात तर पाहा."

"आरशात पाठ दुखतानी दिसते काय बे?"

तूर भरून त्यांनी सात सॅक उचलल्या. चार जागेवरच नापास झाल्या. उरलेल्या तीन माझ्या ओळखीवर दुकानदाराने आठवड्याला एक अशा वापरून पाहायला दिल्या. पुढचे तीन रविवार काका सहा किलो तूर घेऊन आमच्याबरोबर डोंगर चढले.

पहिली त्यांनी अर्ध्या तासात उतरवली. पट्टा चार बोटे रुंद होता, पण आतला फोम दबून दोरी झाला होता. दुसरीत ओझे पाठीपासून लांब पडून मागे ओढत होते. ती उतरवताना त्यांनी डाव्या हाताने उजवा हात धरून बाहेर काढला. मी म्हणालो, सॅक मुलीची आहे, मुलीलाच घेऊन पाहू द्या.

"तिचा खांदा चांगला हाय. चांगला खांदा लवकर बोलत नाई, दहा वर्सांनं बोलते. हा पाच मिनटात सांगते." त्यांनी उजव्या खांद्यावर हात ठेवला. "पंपानं तेवढंच एक काम चांगलं केलं."

तिसरी मातकट रंगाची होती. कमरेचा पट्टा हाडावर बरोबर बसत होता. ती घेऊन ते वरपर्यंत चढले, टेकले नाहीत. वर गेल्यावर फक्त "हाव", म्हणजे हो, एवढेच म्हणाले.

मुलीने ती घरी पाहिली तेव्हा मी तिथे होतो. "बाबा, इतलं तर लोकं जावाई पाहाले बी फिरत नाईत. अन् आनली ती अशी, भुईच्या रंगाची."

"रंग कोनाले दाखवतं? सांबराले?"

ती हसली. मग पाण्याचा तांब्या त्यांनी डाव्या हाताने उचलला हे तिच्या लक्षात आले. ती आत गेली आणि दवाखान्याचा कागद घेऊन आली. आदल्या उन्हाळ्यातला होता. उजव्या खांद्यावर वजन घेऊ नये, असे त्यावर लिहिले होते. तिने तो मोठ्याने वाचला.

"हे तुमाले मालूम होतं?"

"मले वाचता येते," काका म्हणाले.

फेब्रुवारीत ती मोताळ्याच्या स्टँडवरून निघाली. सॅक तिने पाठीवर घेतली. काकांनी डाव्या हाताची दोन बोटे उजव्या पट्ट्याखाली घातली आणि ओढले. बस लागली होती. कंडक्टरने दोनदा हाक मारली. त्यांनी पुन्हा ओढले. मग बोटे काढली.

त्यानंतर काका रविवारी आलेले नाहीत. त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. गेल्या आठवड्यात मुलगी सुटीवर आली होती. सॅक दाराजवळ ठेवलेली होती. मी उजव्या पट्ट्याची शिवण पाहिली. एकही टाका तुटलेला नव्हता.