दोन ओळींमधली जागा

पत्र देवासला माझ्या हाती पडले तेव्हा अण्णांना जाऊन तीन दिवस झाले होते. वहिनींचे बंधू तात्या यांनी लिहिलेले पत्र. सहा ओळी, सहाही उजवीकडे वर चढत गेलेल्या. वाचून मनात पहिला विचार आला तो हा की, असले पत्र अण्णांनी परत पाठवले असते... या विचाराची मला लाज वाटत नाही. अण्णा माझे थोरले चुलतभाऊ. लिहायला मी त्यांच्याजवळ शिकलो. तेराव्याला धारला पंगत उठल्यावर तात्या हात पुसत चारचौघांत म्हणाले, "माणूस सोन्यासारखा, पण रेघांपायी नोकरी घालवली आणि माझ्या बहिणीचे हाल केले." त्याला उत्तर द्यायचे म्हणून महिन्याने हे लिहितो आहे.

धारपासून दोन मुक्कामांवरच्या एका जहागिरीत अण्णा दप्तरात कारकून होते. मोडी लिहिताना ते आधी कागदाला घडी पाडून समास सोडत, मग पानभर वीस रेघा ओढत आणि एकेका रेघेला अक्षरे टांगत जात. असे सगळेच करतात. पण अण्णांच्या रेघांत अंतर सगळीकडे सारखे असे. मी काडी लावून मोजले आहे. पानाच्या तळाशी ते आकड्यात लिहीत, "ओळी २०." घरातही तेच. जोडे उंबऱ्याशी सरळ, तांबे एका रांगेत. वहिनी म्हणत, "मलासुद्धा या घरात समास सोडून उभं राहावं लागतं." मीही हसत असे. एकदा विचारले, "अण्णा, वाचता आलं म्हणजे झालं की. एवढा सोस कशाला?"

"बाळ्या, वाकड्यातिकड्या पानात कोणी काही घुसडलं तर कळत नाही. सरळ पानात चोर लगेच दिसतो."

ते खरे ठरले तेव्हा मी तिथेच पाहुणा होतो. गेंदीबाई नावाच्या एका विधवेच्या विहिरीची नोंद अण्णांच्या वहीत सोळाव्या ओळीवर होती. कारभाऱ्यांना ती विहीर आपल्या साडूला द्यायची होती. सोळाव्या आणि सतराव्या ओळीमध्ये बारीक अक्षरात एक ओळ घालायची, की बाईने विहीर राजीखुशीने सोडली, एवढेच काम.

"जागा नाही, रावसाहेब," अण्णा म्हणाले.

"मग करा."

"मी ती मुद्दामच ठेवलेली नाही."

गेंदीबाई ओसरीवर बसली होती. विहीर अजून आपल्याच नावावर आहे ना, हे तिने तिथूनच माळवीत विचारले, "मा'राज, म्हारो कुवो म्हारा नाम पे हे के नी?"

"हे, बाई. थारा ही नाम पे हे," अण्णांनी कारभाऱ्यांसमोर मोठ्याने सांगितले. त्याच दिवशी त्यांना घरी बसवले.

ती ओळ मग दुसऱ्या कोणीतरी घातली. पुढे वरून तपासनीस आले. त्यांना मोडी येत नव्हती, पण मोजता येत होते. तळाशी वीस आणि पानावर एकवीस! विहीर गेंदीबाईकडे राहिली. अण्णांची नोकरी मात्र परत मिळाली नाही. कुळासमोर उद्धट बोलल्याची लेखी माफी मागा, मग बघू, असा निरोप आला. नऊ वर्षे लोकांचे दस्तऐवज उतरवून अण्णांनी धारला संसार चालवला, आणि तात्या दर दिवाळीला माफीच्या अर्जाची आठवण देत राहिले.

तेराव्याच्या त्याच दुपारी तात्यांनी अण्णांच्या खोलीतून एक कागद आणला. वर कारभाऱ्यांचे नाव, पुढे "सेवेशी". त्याखाली ओढलेल्या आठ रेघा. बाकी काही नाही.

"बघ, उपरती झालीच होती," तात्या म्हणाले. "तुझं वळण हुबेहूब त्याचं. आठ ओळी भर, त्याची सही कर. बहिणीच्या पोटापाण्याचं काहीतरी होईल."

मी वहिनींकडे पाहिले. प्रश्न त्यांच्या भाकरीचा होता. त्यांनी 'लिहा' म्हटले असते तर मी काय केले असते, हे मला आजही सांगता येत नाही.

"मीच म्हटलं होतं त्यांना, माझ्यासाठी एकदा लिहा," वहिनी म्हणाल्या. "रेघा ओढल्या. तीन दिवस कागदासमोर बसले. मग म्हणाले, तुझ्यासाठी रेघा ओढल्या गं, पण टांगायला अक्षर सापडत नाही..." त्यांनी तात्यांच्या हातून कागद घेतला. "भावजी, कोणी काही लिहायचं नाही."

तेव्हा हे छापून ठेवतो. अण्णांच्या नावाने माफीचा अर्ज कुठे पोहोचला, तर अक्षर कितीही जुळले तरी तो खोटा समजावा. खरा अर्ज धारला वहिनींच्या खोलीत भिंतीला लावलेला आहे. रेघा आठ, आठही सरळ, आठही कोऱ्या. कोणाला शंका असेल त्याने येऊन मोजाव्यात.