तानुअक्काचा चर

पारोळ्याला आमच्या शेजारी तानुअक्का राहायची. तिच्याइतकी चिडणारी बाई मी दुसरी पाहिली नाही; आणि चिडायला तिच्याइतकं कारण असलेलीही पाहिली नाही.

सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिच्या अंगणातला आड आटला. नळाचा भरवसा नव्हता. शेवटी हंडा घेऊन दिराच्या दारात उभं राहावं लागलं. दीर चुडामण शेजारच्याच घरात. लाकडाची वखार, अंगणात बोअर. पाणी द्यायचा, पण चार माणसं जमलेली पाहून म्हणायचा, "या वहिनी, गंगा तुमनीच वाट देखी रायनी!" तानुअक्का हंडा भरून निघायची, पण तिचे कान लाल झालेले असायचे. नवरा मोतीलाल सायकली दुरुस्त करायचा. भावापुढे त्याने कधी तोंड उघडलं नाही.

त्याच वर्षी तिचा भाऊ सुकदेव भडगावहून आला. तो चर खोदण्याच्या सरकारी कामांवर मुकादम होता. बहीण-भावाने मिळून पत्र्याची पन्हळ आणि आड यांच्या मधोमध चर खणला. काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खाली गेले. तळाला दगड, त्यावर खडी, वर वाळू. छपराचं पाणी त्यात उतरायचं, मुरमात जिरायचं आणि आडाला लागायचं.

खणणं एकदाचं असतं, राखणं दरवर्षीचं. पावसाळ्याआधी तानुअक्का वरची वाळू काढून चाळायची, खडी धुऊन परत भरायची. मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी चरावर पाणी साचलंय का ते बघायची. साचलं असेल तर वाळूवर धरलेला गाळाचा पापुद्रा खुरप्याने खरवडायची. गल्लीतल्या एकीने चुलीची राख त्यात टाकली, तेव्हा तिने ती घमेल्यात भरून त्याच बाईच्या ओट्यावर ओतली. लोक हसले. हसणाऱ्यांच्या घरी बोअर होती.

पुढे चुडामणने आपल्या सगळ्या अंगणात शहाबादी फरशी बसवली. त्या श्रावणात कानबाई देवीही त्याच्याच घरी बसली होती. तिच्या नैवेद्याचे रोट भाऊबंदांनी मिळून खायचे. उरलंसुरलं आणि हात धुतलेलं पाणीसुद्धा पायदळी येऊ नये म्हणून अंगणात खड्डा करून पुरायचं, ही त्यांची रीत. पुरलेली जागा पुन्हा खणत नसत. तानुअक्का त्याच्याच घरात चुलीशी होती. बाहेर चुडामणने तिच्या चराची वाळू-खडी बाजूला सारली, सगळं त्यात ओतलं, वर माती ठोकली आणि शेणाने सारवूनही घेतलं.

दुपारी पाऊस आला. पन्हळीचं पाणी सारवलेल्या मातीवरून घसरलं आणि सरळ गटारात गेलं. तानुअक्का बाहेर आली.

"कोन्ही करं हाई?"

"वहिनी, मनाकडे माती कथी शे?" चुडामण म्हणाला. "बठ्ठी फरशी. तुमना आठेच मऊ जागा."

"मंग काढ बाहेर!"

"कानबाईनं शे ते. कुदळ लावशात ते घरवर कोप व्हई."

मोतीलाल पुटपुटला, "जाऊ दे. औंदा राहू दे."

"औंदाना पाऊस परत येवाव शे का?" ती नवऱ्यावर कडाडली. "उन्हायामा हंडा लईसन त्याना दारवर तू उभा राहशी?"

मजुरीवर येणाऱ्या वना नावाच्या गड्याला तिने बोलावलं. त्याने कोपाचं ऐकलं आणि कुदळ खांद्यावर टाकून निघून गेला. पारावरच्या शहाण्यांनी तिलाच समजावलं. देवीची भीती सगळ्यांना होती. दुसऱ्याच्या अंगणात न विचारता खणल्याची लाज एकालाही नव्हती.

दुसऱ्या सकाळी तिने आंघोळ केली, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचला, सारवलेल्या जागेवर हळद-कुंकू वाहिलं आणि स्वतःच कुदळ घातली. पुरलेलं सगळं मातीसकट नव्या टोपलीत भरलं. टोपली डोक्यावर घेऊन ती चुडामणच्या अंगणात गेली आणि पहार घालून मधल्या चार फरश्या उचकटल्या.

चुडामण बनियनवरच धावला. "वहिनी! नवी फरशी शे!"

"रोट ज्याना घरना, खड्डा त्याना अंगणमा."

खड्डा करून तिने सगळं पुरलं, सारवलं, वर दिवा लावला. मग उभी राहून म्हणाली, "आते आठे कुदळ लावजो नको हं, भाऊ. घरवर कोप व्हई."

चुडामणने फरशी परत बसवावी, तर देवीचं पायदळी येणार. चार फरश्यांची ती मोकळी जागा तशीच राहिली, आणि तो वळसा घालून चालू लागला. तानुअक्काने दोन दिवस खडी धुतली, चर पुन्हा भरला. उरलेला पाऊस तिने गटारात जाऊ दिला नाही.

चैत्रात आडाला पाणी होतं. तानुअक्का दोर ओढत होती, तेव्हा जाऊ बेबाबाई कुंपणाशी आली आणि गोड आवाजात म्हणाली, "चला, कानबाईनी तुमले माफ करं म्हना."

तानुअक्काने बादली काठावर आपटली.

"कानबाई कधय रागे भरायनी व्हती? रागे मी भरेल शे. आनि मी अजून माफ नही करं."