पिग्मीवाल्याची फेरी

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांच्या नव्या पाट्यांना अजून रंगाचा वास होता आणि विहिरींनी तळ गाठला होता. त्याच उन्हाळ्यात औशातली आमची बँक बुडाली.

बँकेचा पिग्मीवाला रोज दिवेलागणीला पेठेत फिरून दुकानदारांची दिवसाची बचत गोळा करायचा. बँकेला सील लागलं, तरी त्याची फेरी थांबली नाही. धुळीनं पिवळ्या झालेल्या उजेडातून तो तरंगत आल्यासारखा यायचा. खांद्याला रिकामी पिशवी. माझ्या शिलाईच्या दुकानापुढं चप्पल काढायचा, सवयीनं खिशातल्या पेनाकडं हात न्यायचा आणि तसाच मागं घ्यायचा. समोरचे किराणावाले अप्पा त्याला नाही नाही ते बोलायचे. तो मान खाली घालून सगळं ऐकायचा, मग पुढच्या दुकानाकडं वळायचा.

दुसऱ्या मशीनसाठी साठवलेले माझेही पैसे गेले होते. तरी एकदा राहवलं नाही.

"आता कशाला येता?" मी विचारलं.

"पैशे न्यायला रोज आलो की, मास्तर," तो म्हणाला. "आता शिव्या खायला दुसरं कोन येईल?"

त्या दिवसापासून मी टँकरच्या पाण्यातला एक तांब्या त्याच्यासाठी झाकून ठेवू लागलो.

एका संध्याकाळी तो आलाच नाही. दिवे लागले, धूळ खाली बसली. अप्पा दुकानातून उतरले आणि पेठेच्या तोंडापर्यंत जाऊन पाहून आले.

"थांबू अजून थोडं," ते म्हणाले.

कुणीच दुकानाच्या फळ्या लावल्या नाहीत.